अझेलियाची छाटणी

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. आता वय झालं, टाळायलाही दम लागतो.

सेनगावात मी वनस्पतिशास्त्र शिकवत होतो. मुलीने उटीहून अझेलियाचं झुडूप आणलं. हे थंड डोंगरातलं, आम्ल मातीचं झाड. मुळं केसांसारखी बारीक, वरवर पसरलेली. आमच्या चुनखडीच्या काळ्या मातीत त्याची पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. म्हणून मी ते कुंडीत, नारळाच्या भुशात, साठवलेल्या पावसाच्या पाण्यावर जगवलं. फुलं आली. पाच पाकळ्या बुडाशी जुळून झालेलं नरसाळं, त्यातून डोकावणारे पुंकेसर. या झुडपाचे परागकोश उभे फाटत नाहीत. टोकाला भोक पडून पराग बाहेर येतात. विद्यार्थ्यांना घरी बोलावून दाखवलं. पानं विषारी असतात, हेही सांगितलं.

फुलं सरल्यावर शेंडे छाटले. ओला पाला शेजारच्या शेळीपुढे टाकायचा, हा गल्लीचा रिवाज. मी सवयीने टाकला.

संध्याकाळी शेजारची म्हातारी हाका मारत आली. शेळी हिरवा फेस ओकत होती. थोड्या वेळात मेली. शेळी सहसा ओकत नाही. ओकली, की विष समजावं. मला समजलं होतं.

"सर, काहून मेली हो?"

"दाणे जास्त खाल्ले असतील," मी म्हणालो.

म्हातारी नव्या सुनेकडे वळली. "ज्वारीचा डबा उघडा टाकलास ना? माहेरच्या शेळ्या बी अशाच मारल्या का?"

"म्या झाकला व्हता, आत्या."

"मग सर खोटं बोलून राहिले का?"

सून माझ्याकडे पाहत राहिली. मी शेळीकडे पाहत राहिलो.

त्यानंतर त्या घरात दाण्याला हात लावायचा तर सुनेला आधी सासूला विचारावं लागे. नळावर बाया तिला 'शेळीमारी' म्हणत. लेकरू झालं तरी म्हणत.

म्हातारी वारली तेव्हा भेटायला गेलो. सुनेने चहा दिला आणि समोर बसली.

"सर, तुमी शिकलेले. खरंच दाण्यानं मेली व्हती का शेळी?"

"जुनी गोष्ट झाली ती," मी म्हणालो आणि चहा संपवला.

घरून एक वाक्य जुळवून नेलं होतं, ते तसंच परत आणलं. यंदा तीही गेली. वाक्य एवढंच होतं: बाई, शेळी माझ्या पाल्याने मेली, तुमचा काही दोष नव्हता, मला माफ करा.