थोरलीची कच्ची भाजणी

माझ्या दोन्ही वहिन्या चॉकलेट करतात आणि मी त्याला कागद गुंडाळते. हात कामात, डोळे मोकळे, त्यामुळे घरातलं सगळं मला दिसतं.

थोरली मागच्या खोलीत. कोकोच्या बिया भाजायच्या, फोडायच्या, टरफलं पाखडायची आणि आतला गर साखरेबरोबर यंत्रात दळायला लावायचा. धूर, भुसा, घाम सगळं तिच्या वाट्याला. धाकटी पुढच्या खोलीत, काचेशेजारी. ती दळलेलं पातळ चॉकलेट दगडी ओट्यावर ओतते, पसरत, गोळा करत निववते आणि साच्यात भरते. म्हणून ते चकाकतं, कट्कन मोडतं. काचेबाहेरून कुणी म्हणालं, "काय हात आहे!" की मागे थोरलीच्या अंगाचा तिळपापड.

"चकाकी काय चाटायची आहे?" ती मला म्हणायची. "चव माझी आणि कौतुक तिचं!"

खरंच होतं ते. पण ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

अशात एका मोठ्या दुकानाच्या मालकीणबाई येणार असं कळलं. माल पसंत पडला तर वेष्टनावर तो करणारीचा फोटो छापणार होत्या. थोरल्या भावाने परस्पर धाकटीला सांगून टाकलं, "त्या दिवशी जरा नीटनेटकी ये." त्याची बायको तिथेच परात पुसत होती. ती पुसलेलीच परात पुन्हा पुसत राहिली.

एरवी बियांचा आंबूस वास पुरता जाईपर्यंत ती भट्टीपासून हलत नसे. दुसऱ्या दिवशी तडतड सुरू झाली न झाली, तोच तिने बिया बाहेर ओढल्या.

"वहिनी, कच्च्या राहिल्यात की!"

"राहू देत. आता दाखव म्हणावं हात."

मी कागद दुमडत राहिले. तिच्या तोंडी कोण लागणार?

मालकीणबाई आल्या, त्याच बियांच्या चॉकलेटचा तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले. "ही आंबटगोड फळासारखी चव कुठून आणलीत? मला दर वेळी असंच हवं."

सगळे धाकटीकडे बघू लागले. दारात उभ्या थोरलीचा चेहरा खर्रकन उतरला. आणि धाकटी म्हणाली, "माझं काही नाही हो यात. चव भाजणीत असते, आणि भाजतात जाऊबाई." तिने थोरलीला हाताला धरून पुढे आणलं, केसांतला भुसा झटकला. फोटो निघाला.

आता तीच वेष्टनं मी दुमडते. थोरली दातओठ खात रोज बिया कच्च्याच काढते. परवा मी म्हटलं, "आता तरी जळणं थांबव की. फोटो तुझाच आहे ना?"

"माझा कसला?" ती म्हणाली. "तिनं दिलाय."