शेवटचा रकाना

नंबर ओळखीचा नव्हता म्हणून मी तो फोन दोनदा कापला. वर्ग चालू होता. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा जरा चिडूनच बाहेर व्हरांड्यात आले. "टीचर, मी सोनल. मार्गासनीकडची... हौसाबाईंची नात. आजी गेली. परवा." मी काय बोलले ते आता आठवत नाही. बहुधा 'कशानं?' असं विचारलं असावं, कारण ती सांगत होती की आजी खळ्यावर भात झोडत होती, मधेच छातीत कळ आली म्हणाली, शेजारच्यांच्या जीपमध्ये घालून नसरापूरच्या दवाखान्याकडं निघालो, पण वाटेतच... मग ती थांबली आणि म्हणाली, "रुआतीताई बोलली, टीचरना कळीव म्हणून. त्यांना कुणी सांगितलं नसंल."

रुआती, माझी जुनी विद्यार्थिनी, तेव्हा छत्तीसगडच्या एका आडगावात होती. तिला त्याच दिवशी कळलं होतं. मी पुण्यात, दोन तासांच्या अंतरावर, आणि मला तिसऱ्या दिवशी कळलं, तेही रुआतीला माझी आठवण झाली म्हणून. यात राग धरावा असं काही नव्हतं. पाच वर्षांत मी त्या घराची पायरी चढले नव्हते.

मी काय काम करते ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. पुण्यातल्या एका छोट्या ख्रिस्ती प्रशिक्षण संस्थेत मी शिकवते. मिझोराम, झारखंड, तमिळनाडू, कुठून कुठून मुलंमुली येतात. दोन वर्षं शिकून ती आपली नसलेल्या माणसांत जाऊन राहणार असतात. भाषा वेगळी, अन्न वेगळं, देव वेगळे. कुणी शाळेत शिकवतं, कुणी दवाखान्यात काम करतं, आणि काही जण धर्माचा संदेश सांगायलाच जातात, हेही मी झाकून ठेवत नाही. माझे आजोबा पाळक होते. या कामाबद्दल मला कधी लाज वाटलेली नाही. पण परक्या माणसांत कसं राहावं हे पुस्तकातून शिकवता येत नाही, हे पहिल्या दोन बॅचनंतर कळलं, आणि मुलांना सहा आठवडे एखाद्या खेड्यात ठेवायचं असं मी ठरवलं.

ठरवणं सोपं होतं, घर मिळणं अवघड. भोरच्या बाजूला चार गावं फिरले. लोक चहा द्यायचे, चौकशी करायचे, आणि 'ख्रिश्चन' शब्द आला की 'जागेची जरा अडचण आहे' असं म्हणायचे. त्यांचंही मी चूक म्हणणार नाही. मग एक दिवस वेल्ह्याच्या रस्त्याला, मार्गासनीच्या थांब्यावर एसटीची वाट बघत मी कुणाला तरी हीच हकीकत सांगत होते, तर शेजारी बसलेली साठीची एक बाई मधेच म्हणाली, "कुठली म्हणायची पोरं?"

मी सांगितलं. "जात कंची?"

"ख्रिश्चन आहेत. मीपण."

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, थोडा विचार केला. "भात खात्यात न्हवं? मग हुईल."

या हौसाआत्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा टेम्पो चालवायचा, सून आणि त्या दोघी मिळून शेत बघायच्या. घराच्या मागच्या अंगाला, जिथं पूर्वी गुरं बांधत, तिथं त्यांनी शेणानं सारवून एक खोली केली आणि दर पावसाळ्यात माझी पाच-सहा मुलं तिथं राहायला लागली. तीन दिवसांत त्यांनी नियमही घालून दिले. पहिला आठवडा कुणी काही बोलायचं नाही, नुसतं काम करायचं. "बोलाया लागला की माणूस आयकत न्हाई," त्या म्हणायच्या. हेच वाक्य मी वर्गात चाळीस मिनिटं लावून सांगत असे.

गावातली दोन-तीन माणसं एकदा आली. सभ्यपणेच विचारलं त्यांनी, की आत्या, ही पोरं हितं कशापायी येत्यात? मी तिथंच होते. आत्या सुपातलं निवडत होत्या, वर बघितलं नाही. "त्यांचा देव त्यांच्यापाशी, माझा माझ्यापाशी. मला बाटवाया आली तर म्या काय कुकुलं बाळ हाय व्हय? तुमी च्या घेनार का?" माणसं चहा पिऊन गेली. त्यांच्या जिवावर मी आणि माझी मुलं त्या गावात राहिलो, हे मला तेव्हाही कळत होतं. किती मोठी गोष्ट होती ते मात्र कळलं नव्हतं.

एका वर्षी तमिळनाडूच्या एका मुलानं नैवेद्याचा भात नाकारला. त्याच्या मनाला पटत नव्हतं, आणि त्यानं हात झटकन मागे घेतला. सून दुखावली. आत्यांनी त्याला जवळ बसवलं. त्याला मराठी जेमतेम येत होतं, म्हणून मी इंग्रजीत सांगत गेले. "तुला नगं, तर खाऊ नगं. पर हात मागं घ्यायचा न्हाई. घ्यायचं आन् म्हनायचं, आत्या, हे तुमीच खावा. मग म्या खाईन की." तो मुलगा आज एका डोंगरी भागात शाळा चालवतो. मागे भेटला तेव्हा म्हणाला, दोन वर्षांच्या शिक्षणातलं तेवढंच रोज उपयोगी पडतं.

रुआती आली ती सहाव्या वर्षी. मिझोरामची, बुटकी, अबोल, वर्गात मागच्या बाकावर बसणारी. तिच्या गावाकडेही भाताचीच शेती. लावणीला ती चिखलात उतरली आणि दुपारपर्यंत तिची ओळ सुनेच्या पुढे गेली. आत्या बांधावर उभ्या राहून बघतच राहिल्या. त्या दिवसापासून दोघींचं काही वेगळंच जमलं. भाषा नव्हती, पण दोघी तासन्‌तास शेजारी बसायच्या. बांबूचा कोवळा कोंब कसा चिरायचा, त्याचं कडू पाणी कसं काढायचं, यावर हातवारे करून त्यांची भांडणंसुद्धा व्हायची.

आता जे सांगायचं ते... ते सांगायला मी हा लेख लिहिते आहे.

मुलांना मी एक वही द्यायची. पानावर तक्ता आखलेला, रकान्यांची नावं मी हातानं मराठीत लिहून झेरॉक्स काढलेली. घरातली माणसं, शेती, सण, आजारपण, देवदेवता. मुलांनी मोडक्यातोडक्या मराठीत तो भरायचा, म्हणजे भाषेचाही सराव होईल. शेवटचा रकाना होता 'प्रतिसाद'. म्हणजे हे माणूस आपल्या संदेशाकडे किती वळेल याचा अंदाज. तो रकाना वरून कुणी मागितला नव्हता, माझाच होता. संस्थेच्या समितीपुढे तक्ते ठेवले की सगळे खूश व्हायचे, आणि मला त्यांचं खूश होणं आवडायचं. रुआतीनं दोनदा तो कोरा सोडला. "घरच्या माणसाबद्दल असं लिहू?" असं काहीसं इंग्रजीत विचारलंही. मी म्हटलं, अभ्यासाचा भाग आहे, कोरं पान चालणार नाही. तिनं लिहिलं.

त्या वर्षी निघताना तिची वही खोलीतच राहिली. सोनल तेव्हा आठवीत होती. तिनं आजीला ती वाचून दाखवली, सुरुवातीला गंमत म्हणून. 'हौसाबाई. मन मऊ आहे. नवरा नाही, एकटी वाटते. प्रतिसाद चांगला. परत परत भेटावे.'

आत्या पुण्याला आल्या. एकट्या, एसटीनं, कधी न आलेल्या पत्त्यावर विचारत विचारत. माझ्या खोलीत बसल्या, पाणी प्याल्या, आणि पिशवीतून वही काढून टेबलावर ठेवली. आवाज चढला नाही. "बाई, म्या तुमच्या पोरांना जेवाया घातलं, तवा ती माझं मोजमाप घेत हुती व्हय?"

एवढंच. मला एक वाक्य बोलायचं होतं: आत्या, हे मी करायला लावलं. त्याऐवजी माझ्या तोंडून निघालं, "आत्या, मुलीची चूक झाली. तिला समज नाही. असं लिहायचं नसतं, मी बघते तिच्याकडे." बाहेर कार्यालयात माणसं होती, दार उघडं होतं. भीती वाटली असं म्हणून मी आज सुटू शकत नाही. कारण दुसऱ्याच क्षणी मला हलकं वाटलं होतं.

आत्यांनी रिकाम्या पिशवीची घडी घातली. मग उठल्या. दारात वळून म्हणाल्या, "पोरीला काय करू नका, बाई." मी त्यांना थांब्यापर्यंत सोडायलाही गेले नाही. रिक्षा करून देते म्हटलं, त्या नको म्हणाल्या.

पोरीला मी केलंच. खोटं एकदा बोललं की त्याला शोभेल असं वागावं लागतं. समितीपर्यंत गोष्ट गेली तेव्हाही मी तेच सांगितलं. रुआतीला सगळ्यांसमोर समज दिली गेली, तिचं कामावर जाणं एक वर्ष लांबलं, आणि त्या वर्षी ती संस्थेच्या स्वयंपाकघरात भाज्या चिरत होती. मी रोज तिच्या समोरून जेवायला जायचे. ती "गुड मॉर्निंग, टीचर" म्हणायची. वही कुणी आखली होती हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि तिनं एका शब्दानं ते कुणाला सांगितलं नाही. पुढच्या पावसाळ्यात मी मुलांची सोय भोरजवळ उत्रोलीत केली. तिथं आता एक कुटुंब तयार झालं होतं. वेल्ह्याचा रस्ता खराब आहे, असं कारण मी दिलं.

मग पाच वर्षं. कापूरहोळला भोरचा फाटा लागला की मला बरं वाटायचं. आत्यांच्या गावाकडं वळणारा नसरापूरचा फाटा मागे पडलेला असायचा.

तेराव्यानंतर चार-सहा दिवसांनी मी गेले. सून ओळखीचं हसली, तिनं चहा टाकला. सोनल आता भोरच्या कॉलेजात शिकते, सुट्टी काढून घरी होती. खळ्यावर पेंढा रचून ठेवलेला. मागची खोली तशीच होती, फक्त आता तिथं भाताची पोती होती. मी तिथल्याच एका पोत्यावर बसले आणि सोनलला सांगितलं. सगळं, रकान्यासकट. सांगताना रडू आलं नाही, याचीच लाज वाटत होती.

ती ऐकून घेत होती. मग अगदी साधेपणानं म्हणाली, "टीचर, आजीला ठावं हुतं."

"काय?"

"अक्षरं दोन हुती ना वहीत. वर एक, खाली एक. खालचं रुआतीताईचं, वाकडंतिकडं. वरचं मोठ्या माणसाचं, एकदम सुरेख. मी वाचतानाच आजीला बोलले, हे टीचरनी लिवलेलं दिसतंय. आजी म्हणाली, म्या जाऊन विचारते. त्या सांगतील."

म्या जाऊन विचारते, त्या सांगतील... म्हणजे त्या जाब विचारायला आल्याच नव्हत्या. मला खरं बोलायची संधी द्यायला, एवढा प्रवास करून आल्या होत्या. माझ्या समोर बसून त्यांनी मला खोटं बोलताना पाहिलं, ते खोटं आहे हे जाणून पाहिलं. आणि जाताना माझ्यासाठी नाही, तर जिच्यावर मी ते ढकललं त्या मुलीसाठी शब्द टाकला. तोही मी पाळला नाही.

परत येताना मी एसटीत मागच्या बाकावर बसले होते. गुंजवणीच्या पुलाशी गाडी थांबली तेव्हा रुआतीला फोन लावला. पाच वर्षांत पहिल्यांदा. मागून कोंबड्यांचा आवाज येत होता. मी इंग्रजीत सुरुवात केली, मग मलाच ते पळ काढल्यासारखं वाटलं, म्हणून मराठीत सांगितलं. वही माझी होती. रकाना माझा होता. तुझ्यावर ढकललं. समितीला मी हे लिहून देते आहे, आजच. माफ कर म्हणण्याचा मला हक्क नाही, पण म्हणते आहे.

 

मग तिनं सांगितलं की ती दर रविवारी आत्यांना फोन करायची. कोंब निघाले का, भात कसा आहे, सोनल अभ्यास करते का. आणि दर रविवारी, फोन ठेवायच्या आधी, आत्या एकच गोष्ट विचारायच्या: तुझ्या टीचरचा फोन आला का गं? ती म्हणायची, नाही अजून. आत्या म्हणायच्या, येईल.

"पाच वर्षं?" मी विचारलं.

"व्हय," रुआती म्हणाली. आम्ही वर्गात जे मराठी शिकवतो, ते हे नव्हतं. स्वरही तिचा नव्हता, तो शब्द ओढायची लकब मी कुठं ऐकली होती ते मला चांगलं माहीत होतं. "लई उशीर केला तुमी, टीचर. आता म्या कुनाला सांगू?"