दातांच्या पैशाचा कॅमेरा

आधीच माफी मागते. माझं अक्षर वाकडं आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाकडं. शाळा चौथीपर्यंत झाली, त्यातलीही अर्धी चौथी धाकट्या भावाला कडेवर घेऊन गेली. वेलांटी पहिली की दुसरी, अशी शंका आली की मी भिंतीवरचं मराठी कॅलेंडर बघते. त्यात तो शब्द असला तर बरोबर, नसला तर नशीब. ही वही कपाटात साड्यांच्या खाली राहणार आहे, त्यामुळे कुणाला त्रास होईल असं वाटत नाही. तरी माफी मागून ठेवलेली बरी.

मी लाजरी आहे. चार माणसं एकत्र बसली की मी चहा करायला उठते, कुणी मागितला नसला तरी. इथे रायपूरला आमच्या बुद्धविहाराच्या महिला मंडळात मला धरून एकतीस बाया आहेत. त्यात माझा आवाज कसा आहे हे वीसेक जणींना तरी माहीत नव्हतं.

मंडळात दर कार्यक्रमाला ग्रुप फोटो व्हायचा आणि दर फोटोला भांडण व्हायचं. फोटो सेक्रेटरीबाईंच्या मोबाईलवर निघायचा. विहाराचा हॉल लहान, बाया एकतीस. सगळ्या मावाव्यात म्हणून त्या मोबाईलमध्ये काहीतरी दाबून चित्र रुंद करायच्या. मग मधल्या बाया बरोबर यायच्या आणि कडेच्या दोघी-तिघी आडव्या ताणल्या जायच्या, लाटताना पोळी एका बाजूला जाते तशा. त्यामुळे कडेला उभं राहायला कुणी तयार नसे.

"तू जाय ना कडेला, तू बारीक आहेस."

"बारीक आहे म्हणून काय ढोलकी होऊ का मी?"

शेवटी कडेला मी उभी राहायची, कारण मला नाही म्हणता येत नाही. एका फोटोत माझा फक्त कोपर आणि पिशवी आली. मला वाईट वाटलं नाही. पिशवी चांगली आली होती.

पण तो फोटो बघताना माझ्या डोक्यात एक गोष्ट आली. जिच्या हातात कॅमेरा असतो ती फोटोत नसते. तिच्याकडे सगळे बघतात, पण तिचं तोंड कॅमेऱ्यामागे असतं. म्हणजे माझ्यासारखीला जगात एवढी एकच चांगली जागा आहे.

हे मी फक्त नणंदेला सांगितलं. माझी नणंद माझ्या नवऱ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. ती शाळेत आया होती, आता रिटायर होऊन आमच्याकडेच राहते. आवाज असा की शाळेची घंटा बिघडली होती तेव्हा मधली सुट्टी हिच्या हाकेवर व्हायची. तोंडात मात्र वरचे दोन आणि खालचा एक, एवढेच दात उरलेले. बाहेरचं कुणी समोर आलं की ती पदर तोंडावर धरून बोलायची. नवी कवळी बसवायला तिने आठ हजार रुपये डब्यात जमवून ठेवले होते. समता कॉलनीतल्या डॉक्टरांकडे जाऊन भावही काढून आली होती.

मी तिला कॅमेऱ्याचं सांगितलं तेव्हा ती वरण-भात कालवत होती. म्हणाली, "मग घे ना वं. काहून लाजून राहिली?"

"ताई, पैसे कुठून आणू? साड्यांच्या फॉल-पिकोचे दोन हजार आहेत फक्त."

"माझे दाताचे आठ आहेत ना."

"आणि दात?"

"दाताले काय घाई हाय? ते काही पळून नाही चालले. पळायले आहेतच कुठं!"

असं म्हणून ती स्वतःच एवढी हसली की भात नाकात गेला. पण हसू ओसरल्यावर तिने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "पण वापस दे बरं का. मले मराच्या आधी एकदा मटनाची नळी फोडून खायची आहे."

म्हणजे हिशेब साधा होता. माझा कॅमेरा चालला तर तिचे दात येणार. नाही चालला तर ती जन्मभर भात कालवणार, आणि तो मीच वाढणार.

आम्ही दोघी बूढ़ापाऱ्यातल्या एका दुकानात गेलो, जुने कॅमेरे विकतात तिथे. दुकान बोळासारखं, लांब आणि अरुंद. दुकानदाराने आधी एक चकचकीत कॅमेरा काढला. बटण दाबलं की त्याचं नळकांडं बाहेर यायचं, येतच राहायचं.

"दीदी, ये देखो. इसमें चाँद का गड्ढा तक दिखता है."

मी नणंदेच्या मागे सरकले. नणंद पदराआडून म्हणाली, "भैया, चाँद का क्या करना है? हमारी एकतीस बाईलोग आएगी क्या, वो बता."

"थोड़ा पीछे जाके लो ना, सब आएगी."

"पीछे नाली है."

दुकानदाराने तो बाजूला ठेवला. मग एक गुलाबी, पातळ कॅमेरा काढला. तो मला फार आवडला. पर्समध्ये राहील असा. तिसरा होता जुना, काळा, विटेएवढा जड. लग्नाचे फोटो काढणाऱ्या कुणीतरी विकलेला. त्याचं रबर एका बाजूने उचकटलं होतं.

मी घरून एक युक्ती ठरवून आले होते. दुकानाच्या एका टोकाला भिंतीवर डब्यांची रांग होती. मी दुसऱ्या टोकाला दाराशी पाठ लावून उभी राहिले आणि तिन्ही कॅमेऱ्यांतून तेच डबे मोजले. चंद्रवाल्यातून नऊ डबे आले. गुलाबीतून दहा. काळ्यातून अख्खी रांग, वर दुकानदार आणि त्याचा टेबलफॅन. मग मी तिन्हींच्या पुढच्या काचांवरचे, म्हणजे लेन्सवरचे, आकडे बघितले. दोन लहान कॅमेऱ्यांवरचे आकडे वेगळ्याच पद्धतीचे होते, मला कळले नाहीत. पण काळ्याबरोबर त्याने आणखी एक काच ठेवली होती. तिच्यावर पन्नास लिहिलं होतं, ती लावून बघितली तर पाचच डबे. आधीच्या काचेवर अठरा लिहिलं होतं. आकडा लहान तर बाया जास्त, एवढं मला कळलं. आणि कडेचे डबे ताणलेही गेले नव्हते.

"हा," मी म्हणाले. दुकानात मी बोललेला तो एकुलता एक शब्द.

बाकीचं सगळं नणंद बोलली. बारा हजारांचा तो दहाला आणला, वर बॅग आणि चार्जरही घेतला. निघताना उचकटलेलं रबरही दुकानदाराकडून चिकटवून घेतलं.

पुढच्या पौर्णिमेला विहारात वंदना होती. मी पहिल्यांदाच फोटोच्या रांगेत नव्हते. रांगेत माझ्याशिवायच्या तीस उभ्या राहायच्या होत्या, त्यात नणंदही. पण नणंद म्हणाली, "दात येईपर्यंत मी नाही येणार फोटोत," आणि माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. ते बरंच झालं. कारण मला "इकडे बघा" म्हणताच येईना. मी हळूच म्हटलं ते कॅमेऱ्यालाही ऐकू गेलं नसेल. बाया आपसात बोलत होत्या, एक तर पाठमोरी उभी होती. मग नणंदेने तोंडावर पदर धरला आणि ओरडली, "ए! इकडं पाहा सगळ्या! मान वर! तू, पाठ काहून दाखवून राहिली, फोटो पाठीचा काढाचा आहे का?"

एकोणतीस माना एकदम फिरल्या. मी बटण दाबलं.

चार दिवसांनी फोटो छापून आणले. एका प्रतीचे वीस रुपये घ्यायचे असं ठरवलं होतं. तीस प्रती काढल्या होत्या. एकही विकली गेली नाही.

वंदनेला आम्ही सगळ्या पांढऱ्या साड्या नेसतो. विहाराची भिंत पांढरी. खाली सतरंजीवरही पांढरी चादर. मी कॅमेरा निवडताना रंगीबेरंगी डबे बघितले होते, एकही पांढरा नव्हता. फोटोत साड्या मळकट राखाडी आल्या होत्या आणि साड्यांच्या वर तोंडांच्या जागी नुसता काळोख होता.

अध्यक्षबाईंनी चष्मा लावला, काढला, परत लावला. "साड्या आल्या," त्या म्हणाल्या. "बाया नाही आल्या."

"यात मी कोणती?"

"पिन लावलेली तू. पिन चमकून राहिली."

"मग पिनेलेच वीस रुपये माग."

माझी मान अशी खाली गेली की वर येईना. मी कॅमेरा घेऊन दुकानात गेले. एकटी गेले, म्हणून मला काही बोलता आलं नाही, नुसता फोटो पुढे केला. दुकानदार म्हणाला, "दीदी, रंगीन साड़ी पहना दो ना सबको." वंदनेला रंगीत साडी! हे अध्यक्षबाईंना जाऊन सांगण्यापेक्षा मी नालीत उडी मारली असती.

त्या रविवारी नवऱ्याने मटण आणलं. नणंदेने रस्सा भातावर घेतला, नळी हातात धरली, थोडी चोखली आणि ताटाच्या कडेला ठेवून दिली. काही बोलली नाही. ती काही बोलली नाही याचाच मला धसका बसला. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी धुतलेली चादर दोरीवर टाकली आणि सहज तिचा फोटो काढला. चादर मळकी आली, साबणच लावला नसल्यासारखी. मग मी आत जाऊन तव्याचा काढला. आमचा तवा डांबरासारखा आहे, पण फोटोत तो राखाडी, जवळजवळ घासलेला आला! मी परत चादर, परत तवा, असे वीस-पंचवीस फोटो काढले. नवरा ऑफिसला निघाला होता, तो दारात थांबला.

"तव्याचा फोटो कोण घेनार आहे?"

"तुम्ही जा हो," मी म्हटलं.

मला समजलं होतं. या कॅमेऱ्याला पांढरं कळत नाही आणि काळंही कळत नाही. त्याला सगळं जग मधल्या रंगाचं करायचं असतं. पांढऱ्या साड्या दिसल्या की त्याला वाटतं फार उजेड आहे, आणि तो उजेड कमी करतो. कमी झालेल्या उजेडात बायांची तोंडं बुडतात. मग त्याला समजवायचं कसं? त्याच्या डोक्यावर एक बटण होतं, अधिक आणि उणे लिहिलेलं. मी त्याला हात लावला नव्हता, बिघडेल म्हणून. पण अधिक-उणे चौथीपर्यंत शिकवतातच. ते धरून बोटाजवळचं छोटं चाक अधिककडे फिरवलं, चादर थोडी उजळली. आणखी फिरवलं, चादर चादरीसारखी पांढरी झाली. जास्त फिरवलं तर चादर दिसेचना, म्हणून एक पायरी मागे आले.

पुढच्या पौर्णिमेचा फोटो छापून आला तेव्हा त्यात साड्या पांढऱ्या होत्या आणि बायाही होत्या. सव्वीस प्रती गेल्या. तीन जणींचे डोळे मिटलेले होते, त्यांनी घेतली नाही. तेव्हापासून मी एकाच्या जागी सहा फोटो काढते आणि ज्यात सगळ्यांचे डोळे उघडे तोच छापते.

मग नामकरणाला बोलावलं, वाढदिवसाला बोलावलं, नवा रायपूरच्या एका साहेबाच्या रिटायरमेंटलाही बोलावलं. सगळीकडे आम्ही दोघी जायचो. मी कॅमेऱ्यामागे, ती पदरामागे. ती ओरडायची, मी बटण दाबायची. त्या साहेबालाही ती म्हणाली, "साहब, पेट अंदर!" आणि साहेबाने घेतलं आत. पैसे आले की घरी येऊन मी तिच्या डब्यात टाकायची. दीड वर्ष लागलं. शेवटी चाळीस रुपये राहिले होते तेव्हा ती म्हणाली, चाळीसासाठी काय थांबाचं, आणि डॉक्टरकडे जाऊन कवळी बसवून आली.

पहिल्या दिवशी तिने आरशासमोर अर्धा तास काढला. दुसऱ्या दिवशी फुटाणे खाल्ले. तिसऱ्या दिवशी पौर्णिमा होती.

ती पांढरी साडी नेसून मधोमध उभी राहिली, अध्यक्षबाईंच्या शेजारी. मी डोळा कॅमेऱ्याला लावला. समोर सगळा गोंधळ. कुणी कुणाचा पदर सरळ करत होतं, कुणी भाजीचा भाव सांगत होतं. ओरडणारी तर आता रांगेत होती. आणि ती स्वतः काय करत होती? सवयीने तोंडावर पदर धरून उभी होती! आठ हजारांचे दात पदराआड!

मला काय झालं कुणास ठाऊक. मी ओरडले.

"ताई, पदर काढा! दात दाखवा!"

सेक्रेटरीबाईंनी कोण ओरडलं म्हणून मागे वळून बघितलं, मागे तर भिंत. नणंदेचा पदर हातातून सुटला, तिने आ वासला, आणि मग सगळ्या एकदम हसल्या, ती सगळ्यात जास्त. मी बटण दाबलं.

सहा काढायची गरज पडली नाही.

प्रती वाटल्या त्या दिवशी नणंदेने दोन मागितल्या. एक भिंतीला, एक डॉक्टरांना दाखवायला. मी म्हटलं, तुमच्याकडून कसले पैसे घ्यायचे. ती ऐकेना. "धंदा आहे ना वं तुझा?" म्हणून तिने कमरेची पिशवी सोडली आणि वीस-वीसच्या दोन नोटा माझ्या हातावर ठेवल्या.

मी त्या मोजल्या आणि तिच्याच हातात परत दिल्या.

"हे काय?"

"राहिलेले चाळीस," मी म्हणाले. "फिटले."