सुजाता आणि ओढ्यावरचा भोंगा

सुजाता गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसातून निघत होते. डोकं दुखतंय म्हणून आडवी झाली, ती उठलीच नाही. मेंदूत रक्तस्राव... चाळिशीही गाठली नव्हती तिनं.

कॉलेजपासूनची माझी मैत्रीण. वेल्ह्याजवळच्या एका वाडीतली. यंत्रांसाठी सी भाषेत प्रोग्राम लिहायची. वाडीच्या ओढ्यावरची फरशी, म्हणजे तिथला बुटका पूल, पावसाळ्यात पाण्याखाली जाते, म्हणून तिनं स्वतःच एक यंत्र बनवून तिथं बसवलं होतं. पाणी धोक्याच्या खुणेवर गेलं की भोंगा वाजायचा. तो नेमानं वाजत गेला, आणि वाडीनं पाण्याकडे बघायचं सोडून भोंग्यावर भरवसा ठेवला. मग एका पावसाळ्यात पाण्याची उंची मोजणाऱ्या सेन्सरमध्येच पाणी शिरलं आणि त्याच्याकडून नुसती शून्यं यायला लागली. यंत्रानं शून्याला शून्यानं भागलं आणि जे उत्तर आलं तो आकडाच नव्हता. सी भाषेत अशा उत्तराला ‘धोक्यापेक्षा जास्त आहेस का?’ असं विचारलं, तर ‘नाही’ एवढंच कळतं. भोंगा गप्प राहिला. तिचा थोरला भाऊ, महादूदादा, डेअरीला दूध घालायला निघाला आणि फरशीवरून वाहून गेला.

“भोंगा वाजला न्हाई, म्हनून त्यो निघाला,” एवढंच त्यांच्या आई म्हणाल्या. लेकीला त्यांनी कधी बोल लावला नाही. त्यानंच सुजाता जास्त खचली.

“एक ओळ गं,” ती मला म्हणाली होती. “आलेला आकडा खरोखर आकडा आहे का, एवढंच विचारायचं. ‘इझफायनाइट’ म्हणतात त्या तपासणीला. मला माहीत होतं ते. सेन्सर असं काही देईल, असं वाटलंच नाही...”

ती ओळ तिनं नंतर घातली. आकडा धड नसेल तरी आता भोंगा वाजतो. ऑफिसात कुणाचाही प्रोग्राम तपासताना ती आधी तेवढंच बघायची. पोरं चेष्टा करायची. ती हसायची नाही.

परवा वाडीवर गेले. आईंनी चहा दिला, मग म्हणाल्या, “चल, वढ्यावर जाऊ.” फरशीजवळच्या खांबावरची पेटी उघडून त्यांनी सेन्सरची वायर उपटली. भोंगा ओरडायला लागला.

“ती आली की घरात शिरायच्या आधी हितं यायची. वायर काढायची, वाजला की परत लावायची. मंगच पानी प्यायची. आता म्या येते.”

वाडीतून कुणी बाहेर आलं नाही. भोंगा तपासला जातोय, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आई वायर हातात धरून ऐकत उभ्या राहिल्या... ती परत लावायची त्यांना घाई नव्हती.