दोनशे तेवीस पौर्णिमा

माझा वरचा ओठ जन्मापासून मधोमध फाटलेला होता. पुढे तो नागपूरच्या दवाखान्यात शिवून घेतला, आता बारीक पांढरी रेघ तेवढी उरली आहे. पण विशीपर्यंत मी त्या उघड्या ओठानंच वावरले आणि त्यानं मला एक खोड लावली. समोरचा माणूस बोलायला लागला की मी आधी त्याचे डोळे बघते. डोळे ओठावर जाऊन चटकन मागे फिरले, तर तो मनात मला बिचारी म्हणतो. गेलेच नाहीत, तर त्याला कुणीतरी आधीच सांगून ठेवलंय. कसंही वागला तरी तो माझ्या संशयातून सुटत नसे, आणि गोड बोलणारा तर मुळीच नाही.

ओठ का फाटला, हे आमच्या गावात कुणालाही विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. आमचं घर वैनगंगेपलीकडच्या एका तलावाच्या पाळीला लागून. थोडं धान, बाकी मासे. मी आईच्या पोटात असताना कोजागिरीला चंद्रग्रहण लागलं आणि त्याच दिवशी आईनं पावशीवर मरळ कापली, तिचं तोंड चिरलं. भाजी-मासे कापायच्या विळीला आमच्याकडे पावशी म्हणतात. माशाचं तोंड चिरलं म्हणून लेकीचं चिरलं, इतकं ते सरळ होतं. आईनं स्वतः कबूल केलेलं होतं. वडिलांचे थोरले भाऊ, ज्यांना मी मोठे बाबा म्हणत असे, त्यांनी माझ्या जन्मानंतर पंचांग उघडून ग्रहणाची तिथी शोधून काढली होती. घरात वाचता येणारे ते एकटेच.

दहा वर्षांची असताना शाळेतून रडत आले आणि आईला म्हणाले, "माय, तुनंच माहा ओठ चिरला." ती तांदूळ पाखडत होती. सूप थांबलं नाही, तिनं मान वर केली नाही. मला वाटलं, गुन्हेगाराला बोलायला तोंड कुठे असतं? त्या दिवसापासून मी तिला माझ्या डोक्याला हात लावू दिला नाही. वेणी माझी मीच घातली, वाकडी तर वाकडी.

माझं लग्न होणार नाही हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं, त्यामुळे वडिलांनी मला शिकू दिलं. मास्तरीण झाली तर पोटापुरतं कमावेल, असा साधा विचार. सातवी झाल्यावर मी चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, शिक्षिकांच्या ट्रेनिंगला गेले. तिथे भूगोल शिकवायला एक बाई होत्या. सावळ्या, ठेंगण्या, खडूनं हात कायम पांढरे. १९५७ च्या पावसाळ्यानंतर एक दिवस त्यांनी टेबलावर कंदील ठेवला, एका हातात चेंडू घेतला, दुसऱ्या हातात लिंबू, आणि ग्रहण दाखवलं. पृथ्वीच्या सावलीत लिंबू काळं पडलं. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. पुढचं मात्र कधी ऐकलं नव्हतं.

बाई म्हणाल्या, प्रत्येक ग्रहण परत येतं. चंद्राच्या दोन-तीन वेगवेगळ्या फेऱ्या असतात, त्या सगळ्या एकमेकींशी पुन्हा जुळायला दोनशे तेवीस पौर्णिमा जाव्या लागतात. म्हणजे अठरा वर्षं, वर दहा-अकरा दिवस आणि साधारण आठ तास. येत्या कार्तिक पौर्णिमेला संध्याकाळी खग्रास ग्रहण आहे, तेही असंच जुनं, पुन्हा आलेलं.

सात नोव्हेंबरपासून मी बोटांवर अठरा वर्षं अकरा दिवस मागे मोजले. ऑक्टोबरची अखेर, आश्विन पौर्णिमा. कोजागिरी. आईची कोजागिरी.

जे ग्रहण माझ्या तोंडावरून गेलं तेच परत येत होतं, आणि माझ्या घरी वहिनीला, मोठ्या बाबांच्या सुनेला, पाचवा महिना होता.

तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलं, "बाई, वरच्या त्या आठ तासांचं काय?" बाई हसल्या. खरी गंमत आठ तासांतच आहे, म्हणाल्या. तेवढ्या वेळात पृथ्वी एक तृतीयांश फिरते, म्हणून परत आलेलं ग्रहण त्याच गावाला दिसेलच असं नाही, ते भलत्याच मुलखावर जातं. तीन फेऱ्या झाल्या की मग पुन्हा साधारण आपल्याकडे. मी पाटीवर लिहिलं. यंदा संध्याकाळी आठ. आठ तास मागे, दुपारी बारा. भर दुपारी पौर्णिमेचा चंद्र कुठे असतो? आपल्या पायाखाली, पृथ्वीच्या पलीकडे. म्हणजे आईच्या त्या ग्रहणाच्या वेळी आमच्या आभाळात चंद्रच नव्हता. मग त्या रात्री जो उगवला तो अख्खा, कोरा. आणि जे ग्रहण दिसत नाही ते पाळायचं नसतं, हे तर मोठे बाबाच सांगत.

आनंद व्हायला हवा होता. मला मात्र पहिली शंका बाईंचीच आली. त्यांना माझी गोष्ट कुणी सांगितली? माझी समजूत घालायला हे आठ तास मुद्दाम काढले असतील तर? प्रश्न विचारणारी मुलगीही त्यांनीच बसवली असेल! तास संपताना बाईंनी "कुणाला काही विचारायचंय?" म्हणत माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मी मान खाली घातली. त्यांच्या दयेवर मला माझी आई सोडवायची नव्हती. सोडवायचीच तर पक्क्या पुराव्यानं.

कार्तिक पौर्णिमेला मी घरी होते. घरात सकाळपासून ग्रहणाची गडबड. वहिनीच्या पोटावर गेरू लावला होता, पावशी माळ्यावर टाकली होती, आणि संध्याकाळी तिला आतल्या खोलीत चटईवर सरळ निजवायचं ठरलं होतं. आईला सांगण्यात आलं, तू तिच्या जवळ जाऊ नको. "एकदा केलं तुनं, तेवढं पुरे हाय," मोठे बाबा म्हणाले. आई स्वयंपाकाच्या छपरीत जाऊन बसली. आजवर असं काही ऐकलं की मला बरं वाटायचं. त्या दिवशी नाही वाटलं.

मोठे बाबा दर साली चांद्याच्या बाजारातून पंचांग आणत आणि जुनं कधी फेकत नसत. सगळी एका लोखंडी पेटीत. किल्ली त्यांच्या कमरेच्या करदोड्याला. मी धीर करून मागितली.

"काऊन पायजे?"

"ट्रेनिंगमधी ग्रहनाचं शिकोलं. पाहाचं हाय."

त्यांनी लगेच किल्ली सोडून दिली. नकार दिला असता तर मी समजले असते. इतक्या सहज दिली म्हणून माझा संशय आणखी वाढला.

माझ्या वर्षाचं पंचांग सापडलं. आश्विन पौर्णिमा, खंडग्रास चंद्रग्रहण, एवढं स्पष्ट होतं. खालच्या ओळी मात्र नव्हत्या. पानाचा तळ वाळवीनं खाल्लेला. नेमकी तिथेच कशी लागली वाळवी? मी ते पान उजेडात धरून बघितलं, कडेवरून बोट फिरवलं, कुणी फाडलंय का ते पाहायला. पण खाणं वाळवीचंच होतं. मातीसुद्धा तशीच चिकटलेली होती.

मग मला सुचलं. मधलं पान गेलं तर गेलं, दोन्ही टोकं तर आहेत. मी पेटीच्या तळाशी गेले, आणखी अठरा वर्षं मागे, एकवीस सालात. तिथेही आश्विन पौर्णिमा, तिथेही ग्रहण. मध्य पहाटे चारच्या पुढे. हे पंचांग छापलं तेव्हा माझा जन्म नव्हता, बाईंना माझी कीव येण्याचा प्रश्नच नव्हता. यंदाच्या पंचांगात ग्रहणाचा मध्य संध्याकाळी आठला. मी वहीत मांडलं: एका टोकाला पहाटेचे चार, दुसऱ्या टोकाला संध्याकाळचे आठ, मध्ये दोन सारख्या उड्या. मधलं ग्रहण भर दुपारी बाराचंच. खाल्लेल्या ओळीत काय छापलं होतं ते मला आता न वाचता कळत होतं. हे ग्रहण हिंदुस्थानात दिसणार नाही. मोठ्या बाबांनी वरची ओळ वाचली होती आणि खालची वाचायची राहिली होती, किंवा वाचून गिळली होती.

दिवस मावळला. चंद्र तलावावर आला आणि थोड्याच वेळात त्याची एक कड काळवंडली. पुढे पुढे तो तांब्याच्या जुन्या गडव्यासारखा लाल दिसायला लागला. बाहेर सगळे आभाळाकडे बघत उभे होते. मी वही घेऊन छपरीत गेले. माझ्या अंगात नुसता राग होता. सतरा वर्षं या बाईला सगळ्यांनी छळलं, आणि सगळ्यांत जास्त मी.

मी भराभरा सांगितलं. पौर्णिमा, अठरा वर्षं, आठ तास, पहाट, दुपार, वाळवी. "माय, त्या राती ग्रहन नव्हतंच. तुह्या हातून काईच झालं नाई."

आई चुलीतली राख काटकीनं सारखी करत होती. ती म्हणाली, "मले माहीत हाय."

"कोनं सांगितलं?"

"सांगते कोन? त्या रातचा चंद्र मी पाह्यला ना वो. आम्ही बाया आंगनात भुलाबाईची गाणी म्हणत होतो. टिकलीएवढाई डाग नव्हता त्याले. सगळ्यायनंच पाह्यला. पन मंग छापलेलं हाय म्हनलं, का डोळ्यानं पाह्यलेलं कोनाच्या ध्यानात राह्यते?"

"मंग बोलली काऊन नाई?"

ती काटकी खाली ठेवून पहिल्यांदा माझ्याकडे वळली.

"तू तीन दिवसाची होती. दूध ओढता येत नव्हतं तुले. तुही आजी म्हणे, हे पोट्टं घरावर काई आनते, पाळीवर ठेवून या, सकाळपर्यंत काय होते ते होते. तुहा बाप भितीकडे तोंड करून बसला होता. तेवढ्यात मोठ्या बाबानं पंचांग काढलं. म्हने, पुनवेले ग्रहन दिसून राह्यलं, तुनं काई कापलं होतं का? मी म्हनलं, हो. मरळ कापली, तोंडच चिरलं तिचं. मंग आजी मलेच बोलत बसली. दोष माहा झाला, तुले ठेवलं. कापसाच्या बोळ्यानं दूध पाजलं मी तुले."

मी विचारलं, "आन् मरळ?"

"त्या दिवशी घरी मासाच नव्हता. सहा महिन्यानं कोनाले आठवते, कोन्या दिवशी काय शिजलं?"

मी बाईंवर संशय घेतला होता, मोठ्या बाबांवर, त्यांच्या किल्लीवर, वाळवीवरसुद्धा. आईच्या कबुलीवर मात्र सतरा वर्षांत एकदाही नाही. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी तिथेच खाली बसले. तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं तशी तिनं माझ्या वाकड्या वेणीला हात घातला, आणि मी काढला नाही.

"मी आत्ताच जाऊन सांगते सगळ्यायले," मी म्हणाले. "वही दाखोते."

"नाई." तिचा हात थांबला. "सुनेचं बाळ यायचं हाय अजून. कसं येते कोन पाह्यलं? चांगलं आलं तर चांगलंच हाय. नाई आलं, तर तिलेबी काईतरी सांगाले लागन ना. राहू दे ते ग्रहन."

बाहेर अंगणात गलका झाला. चंद्राची एक कड उजळायला लागली असावी. मोठ्या बाबांनी छपरीच्या दारात येऊन कमरेचा करदोडा चाचपला, किल्ली परत मागायची होती त्यांना. माझ्या हातातली वही बघून त्यांनी विचारलं, "काय निघालं मंग पंचांगात?"

मी किल्ली त्यांच्या हातात दिली. "ग्रहन होतं," मी म्हणाले.