आधी तुमचा आकडा

माझी नोकरी वाचवली ती आमच्या फिजिक्सच्या सरांनी, हे आधी सांगते. काय घडलं ते मागून.

कुणी काही विचारायला खिशातून फोन काढला की सर त्यावर हात ठेवत. "आधी तुमचा आकडा सांगा, मंग त्याचा." त्याचा म्हणजे फोनातल्या एआयचा. एसटी किती उशिरा येईल, यालाही हाच नियम. मग स्वतःच अस्सल वऱ्हाडीत फोनला विचारत, "काहून बाप्पा, तुले काय वाटते?" तो शुद्ध मराठीत उत्तर द्यायचा. सर माझ्याकडे वळून म्हणत, "पुण्याचा दिसते."

मी कोकणातली, समुद्रकाठची. नववीत शाळा सुटली, लग्न होऊन इकडे विदर्भात, नेरला आले आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत सामान काढायला-ठेवायला तात्पुरती लागले. काही फुटलं की आधी माझं काळीज फुटायचं.

एकदा लोलकाची कडी तुटली. लोलक म्हणजे दोऱ्याला टांगून झुलवायचा पितळी गोळा. त्याच्या झोक्यांवरून पोरं गुरुत्वाकर्षणाचा आकडा काढतात. आमच्याकडे तो एकच. बसस्टँडमागच्या लेथवाल्या चाचांकडे दुरुस्तीला टाकला. चाचा रोज म्हणत, "कल पक्का, बेटी."

मी घाबरत सरांना सांगितलं. सर म्हणाले, "राहू द्या. कोणाले सांगू नका. पोरायले प्रयोग देऊन पाहतो."

आठवड्याने बीएस्सीच्या साऱ्या वर्गाने प्रयोग लिहून दिला. झोके मोजलेले, वेळ मांडलेली, उत्तर अगदी पुस्तकातलं, नऊ पूर्णांक आठ. एकीने तर 'पंख्याच्या वाऱ्याने किंचित फरक पडला' असंही लिहिलं होतं.

नेमके त्याच दिवशी संस्थेचे सचिव आले. गावात त्यांचं जिनिंग, कापसातली सरकी काढायचा कारखाना. म्हणाले, "सर, आता सगळे प्रयोग एआयवर होतात म्हणे. ही खोली रिकामी करू. बाईची बी गरज नाही." बाई म्हणजे मी. हातात फडकं घेऊन दारातच उभी होते.

सरांनी वर्गाला विचारलं, "लोलक कशाले टांगला होता?"

"त्या हुकाले, सर."

"तो त लेथवर हाय. ताई, चाचा काय म्हणाले?"

"उद्या पक्का," मी म्हणाले.

मग मागून एकजण हळूच म्हणाला, "सर, आम्ही फोनले विचारून लिहिलं. आम्हाले वाटलं बाकीच्यायनं केला असन."

सचिव हसले. "पाहा. लोलकाशिवाय उत्तर आलंच ना?"

सर चष्मा काढून पुसत बसले. मग म्हणाले, "बरोबर हाय, साहेब. मंग तुमच्या जिनिंगवरचा वजनकाटा बी काढून टाका. कापसाची गाडी आली का फोनले विचारायचं, किती भरला."

"असं कसं? गाडी काट्यावर चढवल्याशिवाय..." सचिव बोलता बोलता थांबले.

"तेच," सर म्हणाले.

सचिवांनी चहा मागवला. खोली राहिली, मीही.

गोळा आला तेव्हा सरांनी वर्गाकडून तो खरंच झुलवून घेतला. उत्तर आलं नऊ पूर्णांक दोन. पोरं रडकुंडीला. "आता विचारा फोनले, आपलं काहून चुकलं." त्याने बरीच कारणं दिली, पोरं एकेक तपासत सुटली. शेवटी सापडलं. लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची, यांनी दोऱ्यापुरतीच धरली होती. आणि चाचांनी नवी कडी चांगली सढळ हाताने लांब करून दिली होती, तीही मोजायची राहिली. सर फोनला म्हणाले, "शाब्बास, पुणेकर."

सर आता निवृत्त होऊन बोरी अरब गावी राहतात. लोलक हुकाला आहे, पण फोनवर हात ठेवणारं कुणी नाही. निरोपाच्या दिवशी मला म्हणाले, "ताई, भरती-ओहोटी जन्मभर शिकवली, समुद्र काही पाह्यला नाही. पाणी खरंच मागं जाते काय?" मी व्हिडिओ दाखवायला फोन काढला. सरांनी त्यावर हात ठेवला.

सर, एक दिवस तुम्हाला माझ्या माहेरी नेईन. ओहोटीच्या आधी वाळूत उभं करीन. पाणी कुठवर मागे जाईल, ते तिथे बोट दाखवून सांगायचं. आधी तुमचा आकडा, मग समुद्राचा.