ईश्वरसाक्ष लिहून देतो की
माझ्या सेतू केंद्रात दिवसभर शपथपत्रं टाइप होत असतात. उत्पन्नाचं, जातीचं, रेशनकार्ड हरवल्याचं, नावातला काना-मात्रा चुकल्याचं. कॉम्प्युटरमध्ये एक नमुना ठेवलेला आहे. वरचं नाव बदलायचं, मधला मजकूर बदलायचा, बाकी सगळं तसंच. सही करणारा ते वाचत नाही आणि खरं सांगायचं तर टाइप करणारी मीही वाचत नाही. इतक्या वर्षांत ते अथपासून इतिपर्यंत वाचणारा एकच माणूस भेटला, तो माझा बाप.

बाबा आमच्या गावच्या भजन मंडळाचे अध्यक्ष होते. अध्यक्ष म्हणजे खंजिरी त्यांची, आवाज त्यांचा आणि भजन संपल्यावर सतरंजी झटकायचं कामही त्यांचंच. आयुष्य राईस मिलमध्ये गेलं, कोंड्यानं छाती पार खराब झाली. चार पायऱ्या चढल्या की धाप लागायची. पण भजनाला बसले की तो दमा कुठे जायचा कोण जाणे. आई म्हणायची, कामाच्या वेळीच बरोबर येते यांची धाप.

मग शिवारात वाघ फिरू लागला. मोहर्लीकडे जंगल सफारीला लोक पैसे मोजून वाघ पाहायला येतात, आमच्याकडे तो फुकटात येतो. धान कापायला गेलेल्या एका बाईला त्यानं नेलं आणि त्यानंतर दिवस मावळला की गावात कोणी दार उघडेना. गुरुवारच्या भजनाला आधी पाचजण उरले, मग तीन. शेवटी शेवटी बाबा आणि पेटीवाला, दोघंच समोरासमोर बसून म्हणायचे.

तालुक्याला एक चाचा आहेत, त्यांचं माइकसेटचं दुकान आहे. मंडळाचा भोंगा वर्षानुवर्षं तेच लावायचे. ते एकदा बाबांना म्हणाले, "भाऊ, लोकं मंदिरात नाई येत न? त मंदिरच त्याइच्या घरी पाठवा. रेडिओ टाका." दहा-पंधरा गावांपुरतं लहान रेडिओ केंद्र संस्थांना काढता येतं, हे त्यांना कुठून तरी कळलं होतं. बाबांनी ते इतकं मनावर घेतलं की मला हसू आलं. आवाज शिल्लक आहे तोवर तो दाराआड बसलेल्या लोकांपर्यंत पोचावा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

चाचांनी नागपूरहून फायली करून देणारा एक माणूस आणला. त्यानं मंडळाचे कागद चाळले आणि म्हणाला, "धार्मिक संस्थेले रेडिओ भेटत नाई. हा शब्द दिसला का फाईल अडली समजा." नवी संस्था काढावी तर ती तीन वर्षं जुनी हवी. म्हणून जुन्याच मंडळाचं नाव बदलायचं ठरलं. भजन मंडळाची लोककला व प्रबोधन संस्था झाली, आणि उद्देशांत जिथे जिथे भजन होतं तिथे मी पारंपरिक लोकगायन लिहिलं. धर्म काढायला धर्मादायच्याच ऑफिसात जावं लागलं, यावर आम्ही घरी पोट धरून हसलो. बाबा म्हणाले, "नाव बदललं म्हनून का देव ओळखनार नाई आपल्याले?"

तिथवर ठीक होतं. मग फाईलवाला म्हणाला, वरून एक शपथपत्र जोडा, फाईल मजबूत होते. शपथपत्र म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ. मी नमुना उघडला आणि टाइप केलं: 'मी ईश्वरसाक्ष लिहून देतो की, आमची संस्था धार्मिक नाही. देवधर्म व भजनपूजन यांच्याशी तिचा काडीमात्र संबंध नाही.' ते 'काडीमात्र' मी माझ्या पदरचं घातलं. भाषा चांगली आहे माझी, असं सगळे म्हणतात. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हेही म्हणतात.

बाबा केंद्रात आले, चष्मा लावला आणि ओळीखाली बोट ठेवून वाचू लागले. मागे माणसं खोळंबली होती. बोट शेवटच्या ओळीपर्यंत गेलं आणि परत पहिल्या ओळीवर येऊन थांबलं.

"हे कोनं लिहलं वं?"

"नमुनाच तसा असतो, बाबा. सही करा, मागे लाइन आहे."

"म्हंजे देवालेच साक्षी ठेवून म्हनू, का मी देवाले ओळखत नाई?"

ईश्वरसाक्ष खोडून सत्यप्रतिज्ञेवर लिहायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. कायद्याला दोन्ही चालतं. पण मला घाई होती आणि लोकांसमोर बापानं माझी चूक काढलेली मला आवडली नव्हती. मी म्हणाले, "देव काय फायली वाचत बसला आहे का?" लाइनीतले लोक हसले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि सही केली. त्या वाक्यासाठी मी स्वतःला माफ केलेलं नाही.

त्या गुरुवारी बाबा भजनाला गेले नाहीत. छाती भरली म्हणाले. पुढच्या गुरुवारीही नाही. महिनाभरानं मी जेवताना विषय काढला, तेव्हा ताटावरून नजर न उचलता म्हणाले, "ज्याच्यासमोर म्हनाचं, त्यालेच साक्षी ठेवून ओळखत नाई म्हनून आलो. आता कोन्या तोंडानं म्हनू?" मी म्हटलं, दुसरं करून देते, शब्द बदलून. ते म्हणाले, "अन् पहिलं कुठी जाईल?" रोज लोकांना मी कागद रद्द करून देते, हा कागद मला रद्द करता येईना.

वर्ष-सव्वा वर्षानं दिल्लीहून पत्र आलं, प्राथमिक मंजुरीचं. ठरल्या मुदतीत मनोरा आणि यंत्रं उभी करा. मी प्रिंट घेऊन धावत घरी गेले. बाबांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घालून परत दिलं आणि बैलांना पाणी दाखवायला गेले.

मनोऱ्याला पैसा कोण देणार? गावात जाहिरात द्यायला एक किराणा दुकान आणि चाचांचा माइकसेट. राजुऱ्याकडचा एक कोळशाचा ठेकेदार तयार झाला. सगळं उभं करून देतो म्हणाला, फक्त त्याच्या महाराजांचं प्रवचन सकाळ-संध्याकाळ लावायचं आणि कार्यक्रमाला नाव द्यायचं 'जीवनमूल्ये'. फाईलवाला मला समजावू लागला, "ताई, देव कागदावर नाई चालत, कार्यक्रमात चालते. पैसेवाल्याचा असला म्हंजे झालं." मंडळातले दोघे-तिघे तयारही होते. बाबा म्हणाले, "एकडाव खोटं बोललो त हे असं झालं. आता रोज दोन टाइम बोलू का?" ठेकेदार परत आला नाही.

मुदत संपत आली तशी मी दिल्लीला फोन लावला, वाढवून मिळते का विचारायला. पलीकडचा साहेब भला माणूस होता, फाईल काढून बोलत होता. मध्येच हिंदीत म्हणाला, हे शपथपत्र कशाला जोडलंत, आम्ही तर मागितलंच नव्हतं. मी फोन ठेवला. मुदतवाढीचा अर्ज केलाच नाही. आणि त्यानं काय सांगितलं ते बाबांना शेवटपर्यंत बोलले नाही, तेवढी हिंमत माझ्यात नव्हती.

बाबा मागच्या थंडीत गेले. गडचिरोलीच्या दवाखान्यात आठ दिवस होते, तिथून घरीच आणलं.

आमच्याकडे मयतीपुढे भजन म्हणत चालतात, घर कोणाचंही असो. मंडळातली उरलेली माणसं सकाळीच येऊन बसली. पण बाबांनी आईजवळ सांगून ठेवलं होतं, "माह्यासमोर भजन नको. म्या लिहून देल्लं हाये." पेटीवाले काका माझ्याजवळ आले. त्यांचे डोळे सुजले होते. "बाई, लिहलं तूनंच होतं. तूच सांग, म्हनू का?"

मी हो म्हटलं असतं तर त्यांनी म्हटलं असतं. सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. पण एकदा त्यांच्या मनाविरुद्ध सही घेऊन बसले होते. मी नाही म्हणाले.

आमच्यात बाया मसणात जात नाहीत. त्या दारात थांबतात आणि भजनाच्या आवाजावरून ओळखतात, आता शाळा ओलांडली, आता नाला आला, आता पोचले. मी आणि आई दारात उभ्या होतो. बाबा कुठवर गेले, ते आम्हाला कळलंच नाही.